उजव्या भिंतीतली बाई

"ती खाली बसते," उजव्या भिंतीतून बाई बोलली. "हातानं जमीन चाचपते. दारात नवरा उभा आहे. तो काही बोलत नाही."

शिवकुमार शेवटच्या रांगेत, कोपऱ्यातल्या खुर्चीवर डोळे मिटून बसला होता. नवी जोडणी झाली की पहिला तुकडा असाच ऐकायचा, शेवटच्या रांगेतून आणि डोळे मिटून, ही त्याच्या उस्तादांची शिकवण. डोळे उघडे असले की कान आळशी होतो, असं लालमहंमद म्हणायचे. पडद्यावर ओठ हलताना दिसले की न आलेला आवाजसुद्धा आल्यासारखा वाटतो. म्हणून तो डोळे मिटून बसला होता, आणि त्या मिटल्या डोळ्यांआड त्याला एकदम नांदेडच्या आपल्या घरातली शहाबादी फरशी दिसली, नुकतीच ओली झालेली, आणि तिच्यावरून फिरणारा एक हात. त्यानं डोळे उघडले. पडद्यावर कुठल्याशा खेड्यातलं स्वयंपाकघर होतं. एक बाई उकिडवी बसून पडलेलं कानातलं शोधत होती. तिचे ओठ मिटलेले होते. दारातल्या माणसाचेही मिटलेले होते. बोलणारी बाई त्या चित्रात कुठंच नव्हती.

"भाई!" वरच्या खिडकीतून हारिसनं डोकं बाहेर काढलं. रिळांच्या काळापासून तो लातूरच्या या थिएटरात मशीन चालवत आला होता. "भाई, ही कोण बोलून राहिली? पिच्चरमधी तं न्हाई ही बाई."

"चालू दे."

"चालू दे काय? अंगावर काटा आला माझ्या. रिकाम्या टाकीजमधी बाईचा आवाज, या अल्ला."

"चालू दे म्हणलं ना, हारिसभाई."

हारिसचं डोकं आत गेलं. सिनेमा पुढं चालू राहिला. डाव्या भिंतीतून माणसांची बोलणी येत होती, नुसती, संगीताशिवाय, सोललेल्या कांद्यासारखी उघडी. आणि उजव्या भिंतीतून ती. तिच्या आवाजात ना दुःख होतं ना घाई. भरलेलं भांडं न सांडता ओट्यावर ठेवावं तसं ती एकेक वाक्य ठेवत होती. "तिला कानातलं सापडतं. ती ते पदराला पुसते. नवरा निघून जातो." बरं नाही की वाईट नाही. बिचारी नाही, मेला नाही. जे दिसतं ते, तेवढंच. शिवकुमारला वाटलं, असं बोलायला किती मोठं काळीज लागत असेल. मग वाटलं, कदाचित लागतही नसेल. तिचं काय जातंय? तिला कुठं त्या बाईबरोबर एका घरात राहायचंय?

चूक कुठं झाली ते त्याला त्या क्षणीच कळलं होतं. सिनेमा ज्या सर्व्हरमधून सुटतो त्याच्या पाठीतून एक केबल निघते आणि खालच्या ध्वनियंत्रात शिरते. तिच्या पोटात तारांच्या चार जोड्या: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. एकेका जोडीतून दोन-दोन आवाज जातात, पण आकडे होऊन जातात; जुन्या तारेसारखं नखानं टिचकी मारून त्यांची खूण पटत नाही. नारिंगी पडद्याच्या दोन्ही बाजूंची. हिरवी मधल्या बोलण्याची आणि जमीन हादरवणाऱ्या घुमाऱ्याची. निळी दोन्ही भिंतींची. रातकिडे, गर्दी, वारा, सगळं तिच्यातून. आणि तपकिरी. तिच्यातला एक आवाज कमी ऐकू येणाऱ्यांसाठी, फक्त बोलणं, स्वच्छ. दुसरा आंधळ्यांसाठी. त्यात एक बाई किंवा बुवा पडद्यावर काय चाललंय ते सांगत असतो. हल्ली काही सिनेमांत हे असतं, काहींत नसतं. पण शिवकुमारनं ज्या ज्या थिएटरला हात लावला तिथं ही जोडी त्यानं कधी जोडली नव्हती. जोडणार कशाला? तो आवाज आंधळ्या माणसाच्या कानापर्यंत नेणारं यंत्र कोणी घेतलेलंच नसायचं. मग तिची टोकं कापायची, त्यांच्यावर काळी नळी चढवायची, गरम करून आवळायची आणि मागं दुमडून बांधून टाकायची. "जिस तार का काम नै, उसका मूँ बांध दे बेटा," लालमहंमद म्हणायचे. "खुला मूँ दूसरे की बात में बोलताय." मुदखेडच्या तंबूतल्या टॉकीजपासून ज्यांनी आवाजाचं काम केलं त्या माणसाचं हे बोलणं शिवकुमारनं इतकं पाळलं होतं की तपकिरी रंग दिसला की त्याचे हात आपोआप नळी शोधायचे. इतक्या वर्षांत किती थिएटरांत किती बायांची तोंडं त्यानं अशी बांधली असतील. त्या तिकडं प्रत्येक खेळाला बोलत होत्या, सर्व्हरच्या पाठीत, काळ्या नळीच्या आत. कोणी दार उघडतंय, कोणी रडतंय, कोणी मरतंय, हे त्या रोज सांगत होत्या आणि ते कोणाच्याही कानावर पडत नव्हतं.

आज त्यानं निळीचं तोंड बांधलं होतं आणि तपकिरी भिंतींना जोडली होती.

सकाळी तो यंत्रांच्या रॅकच्या मागं, बॅटरी दातांत धरून, सोललेल्या तारा बोटांवर पसरून बसला होता तेव्हा बायकोचा, सुकन्याचा फोन आला होता. फोन खांद्यात दाबून तो बोलला. "अहो, नाश्ता केलात का?" मग थोडं थांबून, "एक विचारू? तुमचं तुम्ही गळ्यात कधी बांधणार?" तो म्हणाला, "बघू." ती म्हणाली, "किती वर्षं बघू? कपाटात ठेवायची वस्तू आहे का ती?" तो पुन्हा म्हणाला, "बघू गं, कामात आहे," आणि बॅटरी दातांतून सुटली, रॅकखाली गेली. ती घ्यायला वाकताना हातातल्या तारा एकमेकींत मिसळल्या असणार. पण अंधारात निळी आणि तपकिरी ज्याला ओळखू येत नाही त्यानं हे काम करू नये. ती नेमकं का विचारत असेल, एवढाच विचार त्या वेळी त्याच्या डोक्यात होता. तिला कळलं असेल का?

सुकन्याची नजर एकदम गेली नाही. साखरेच्या आजारानं आधी कडा खाल्ल्या, मग मधला भाग. आधी सुईत दोरा ओवता येईना, मग तांदळातले खडे दिसेनात, मग देवासमोरची समई लागलीय की विझलीय ते हात जवळ नेऊन बघावं लागे. हैदराबादला नेलं, दोन वेळा नेलं. डॉक्टर म्हणाले, आता राहिलंय ते सांभाळा; गोळ्या वेळेवर, जेवण वेळेवर, उपास एकही नको. तिनं सगळं ऐकलं. फक्त एवढंच विचारलं, "पूजेचं काय?" डॉक्टरांना काही कळलं नाही. शिवकुमारला कळलं होतं. लिंगायताच्या घरची लेक. दीक्षा झाल्या दिवसापासून गळ्यात इष्टलिंग. रोज अंघोळ झाली की कपाळाला भस्म लावून, डाव्या तळहातावर ते ठेवून, डोळ्यांशी धरून त्याच्याकडं एकटक बघत बसायचं, मंत्र म्हणत. त्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब नाही. त्या पूजेत फुलं कमी असली तर चालतं, बेल नसला तरी चालतं. पण बघणं लागतंच. बघण्याचीच ती पूजा. मग नजर गेल्यावर ती कशाकडं बघत होती? त्यानं एकदा दारातून पाहिलं होतं. ती तशीच बसलेली, तळहात तसाच डोळ्यांसमोर, आणि डोळे उघडे, तळहाताच्या जरा वर, भिंतीवर लागलेले. त्याला पुढं होऊन तिचा हात थोडा वर उचलावासा वाटला होता. उचलला नाही.

पूजा झाली की इष्टलिंगावरच्या काळ्या लेपाचं ती रोज विचारायची, "अहो, कांती कशी आहे? काळीभोर आहे ना?" आणि तो मोबाइलमधून मान वर न करता म्हणायचा, "आहे की. काळीभोर."

गेल्या अमावास्येच्या सकाळी तिच्या ओल्या हातातून इष्टलिंग निसटलं. शिवकुमार दारात उभा होता, चहा मागायला आला होता. त्यानं ते पडताना पाहिलं, उसळताना पाहिलं, जांभळाएवढी ती काळी गोळी फरशीवरून न्हाणीकडं गडगडत जाताना पाहिली. मोरीची जाळी एका कोपऱ्यात तुटली होती. बसवून दे म्हणून ती पाडव्यापासून मागं लागली होती. टप्प असा आवाज आला. साऱ्या आयुष्यात त्यानं नाना आवाज ऐकले, मोजले, जुळवले. पण त्या टप्पनंतर जे झालं त्याला आवाज नव्हता. सुकन्या खाली बसली. दोन्ही हातांनी फरशी चाचपू लागली. पाटाखाली, भिंतीच्या कडेनं, पुन्हा पाटाखाली. "कुठं गेलं गं बाई," ती स्वतःशी म्हणत होती, "कुठं गेलं." आणि तो दारात उभा होता. त्यानं एक पाऊलही हलवलं नाही. श्वाससुद्धा बारीक केला. आपण इथं आहोत हे तिला कळू नये, एवढंच त्याला वाटत होतं. किती वेळ ते चाललं, आता त्याला सांगता आलं नसतं.

मग तो पाय न वाजवता मागं फिरला. कपाटातून आपली चांदीची डबी काढली. त्याचीही दीक्षा झाली होती, लहानपणी. पण कामाला लागल्यावर विजेच्या तारांत वाकताना गळ्यात दोरा नको म्हणून काढून ठेवलं ते राहिलंच. डबीतलं आपलं इष्टलिंग त्यानं धुतलं, पुसलं आणि मुद्दाम पाय वाजवत आत आला. "काय शोधतीस? हे काय, पाटामागं पडलंय." तिच्या तळहातावर ठेवलं. तिनं मूठ मिटली. कपाळाला लावलं. "गार लागतंय," ती म्हणाली. बस, एवढंच.

एकाचं दुसऱ्यानं धरायचं नसतं, हे लहान पोराला विचारलं तरी सांगेल. ज्याचं त्याच्याबरोबर जन्मभर, आणि मेल्यावर त्याच्याच हातात देऊन त्याच्याबरोबर मातीत. हरवलं तर गुरूकडं जाऊन दुसरं घेता येतं, तसं सांगणारे महाराज आहेत. पण सुकन्या चाकूरच्या आजीच्या हाताखाली वाढलेली. त्या नीलम्मा आजीचं शेताच्या वाटेवर हरवलं तेव्हा तिनं अन्न टाकलं होतं. लोकांनी समजावलं, जंगमांनी समजावलं. म्हातारी म्हणाली, नवरा मेला तर दुसरा आणून देता का रे मला? आणि गेली. ही गोष्ट सुकन्या लग्नानंतर इतक्यांदा सांगायची, अशा अभिमानानं सांगायची, की शिवकुमारला त्या न पाहिलेल्या म्हातारीचा राग यायचा. आता भीती वाटत होती. डॉक्टर म्हणाले होते, उपास एकही नको. खरं सांगावं तर ही जाईल. न सांगावं तर रोज सकाळी ती दुसऱ्याच्या देवाकडं आंधळे डोळे लावून बसतीय, आणि विचारतीय, कांती कशी आहे. तो म्हणतोय, काळीभोर. ते खरंच काळंभोर होतं. कोणाचा हात लागला होता त्याला?

"शिवप्पा! ओ शिवप्पा!" मालक बसवंतअप्पा मधल्या वाटेतून येत होते, पांढरं धोतर सावरत. गंजगोलाईत त्यांचं कापडाचं दुकान होतं. थिएटर वडिलांनी उभारलं होतं म्हणून चालवायचं. "शरणार्थ. ही काय भानगड लावलीस बाबा? पायरीपासून ऐकत आलो. भूत बसवलं का काय माझ्या टाकीजमधी?"

"जोडी चुकली, अप्पा. करतो सरळ."

"उद्या पहिला खेळ हाय. माणसं म्हणतील, मालकानं पिच्चर वाचून दाखवायला मास्तरीण ठेवली." ते स्वतःच हसले. मग थोडं ऐकत उभे राहिले. "म्हातारा विडी पेटवतो," बाई म्हणाली. "धूर वर जातो." पडद्यावर म्हातारा विडी पेटवत होता. "अरे, दिसून राहिलं की आम्हाला! कोणासाठी हाय ही?"

"आंधळ्यांसाठी."

"आंधळं माणूस पिच्चरला येत असतं का कधी, शिवप्पा?"

येत होती एक. लग्नानंतर शिवकुमार कुठंही मशीन बसवायला गेला की पहिल्या तुकड्याला सुकन्या त्याच्याबरोबर शेवटच्या रांगेत बसायची. तो डोळे मिटायचा आणि ती उघडे ठेवायची. मग घरी जाताना ती त्याला सांगायची, तुम्ही आवाज ऐकत होता तेव्हा पडद्यावर काय चाललं होतं ते. "तुम्हाला काय, सगळे पिच्चर आंधळ्यानं बघितलेले," असं चिडवायची. नजर अधू झाल्यावरही ती काही दिवस आली. मग एकदा किनवटच्या वाटेवर, इस्लापूरच्या टॉकीजमध्ये सारं थिएटर हसलं आणि तिनं त्याची बाही ओढून विचारलं, "काय झालं हो?" तो आवाजात गुंतलेला होता. म्हणाला, "काही नाही, ऐक." त्यानंतर ती आली नाही. तेव्हापासून तो घरी परतला की ती पाण्याचा तांब्या देऊन विचारायची, "काय बघितलं आज?" आणि तो म्हणायचा, "काही नाही. नेहमीचंच."

"हारिसभाई, बंद करू नको," तो उठत म्हणाला. "मी खाली तारा बदलतो. आवाज चालू राहू दे."

"चालूमधी बदलणार?"

"हाव."

तसं कोणी करत नाही. पण त्याला ती मध्येच बंद व्हायला नको होती. निदान आपल्या हातानं तिचं तोंड बांधताना तिनं बोलत असावं असं वाटलं. रॅकच्या मागं बसून त्यानं तपकिरी जोडी सोडवली. "ती मान वर करते," बाई म्हणाली, "आणि" आणि मग काही नाही. त्यानं निळीची नळी ब्लेडनं चिरली, टोकं सोलली, भिंतींना जोडली. रातकिडे सुरू झाले. दोन्ही भिंतींतून, भरपूर, जिवंत, शेतात बसल्यासारखे. वर हारिस टाळ्या वाजवत होता. "आता कसं! आता कसं वाटून राहिलं!" शिवकुमारनं तपकिरी टोकांवर नळी चढवली, काडी पेटवून आवळली. प्लास्टिकचा तो ओळखीचा वास आला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं तो निघाला. खिडकीशी बसून तो बाहेर बघत होता आणि कधी सुरू झालं ते त्याला कळलंच नाही, ओठांतल्या ओठांत बोलत होता. टँकर उभा आहे. बाया घागरी लावतायत. एक कुत्रं टँकरच्या सावलीत झोपलंय. शेजारचा पागोटेवाला त्याच्याकडं बघून जरा सरकून बसला. अवघड होतं ते. दर वाक्याला काहीतरी चिकटायचं. बिचाऱ्या बाया, लबाड टँकरवाला. ते खरवडून काढावं लागे. चाकूरच्या फाट्यावर गाडी थांबली. त्यानं त्या म्हातारीला शोधल्यासारखं बाहेर पाहिलं. एक वाट शेताकडं जाते. वाट रिकामी आहे. मग त्यानं डोळे मिटले आणि सुकन्याचंच सांगून बघायचं ठरवलं. ती कशी दिसते ते. सुकन्या भिंतीला टेकून बसली आहे, तो म्हणाला. तिच्या कपाळावर भस्म आहे. पुढं येईना. तिचा चेहरा आठवायला गेला की लग्नातला फोटो येई, नाहीतर हैदराबादच्या दवाखान्यातला. आत्ताचा, या महिन्यातला, येतच नव्हता. आवाज मात्र सगळे येत होते: तिचं खोकणं, परातीवर भाकरी थापण्याची थाप, बांगड्या. बांगड्या हल्ली वेगळ्या वाजत होत्या. पूर्वी मनगटाशी दाटून किणकिणायच्या, आता मोकळ्या, लांबवर घसरत गेल्यासारख्या. नव्या भरल्या असतील, असं त्याला कधीतरी वाटलं होतं. विचारायचं राहिलं होतं. लोह्यापर्यंत त्यानं ठरवून टाकलं होतं. सांगायचं. त्या बाईनं सांगितलं असतं तसं. काही चिकटू न देता.

नांदेडला चौफाळ्यातल्या आपल्या गल्लीत शिरला तेव्हा ऊन माथ्यावर आलं होतं. दारात गाय उभी होती. हल्ली ती रोजच दुपारी त्यांच्या उंबऱ्याशी येऊन उभी राहायची, हाकलली तरी हलायची नाही, पोट सुटलं होतं तिचं. "हो तिकडं, माजलीस!" तो तिला खांद्यानं रेटत आत गेला.

"आलात? गाईला ढकलू नका हो." सुकन्या आतल्या भिंतीला टेकून बसली होती. "पाणी तांब्यात भरून ठेवलंय. जेवण झाकलंय. काय बघितलं?"

त्यानं पाणी घेतलं नाही. तिच्यासमोर खाली बसला. गुडघे वाजले.

"सांगतो. पण मी सांगतो तसं ऐक. मधी बोलू नको."

"बाई गं. एवढं काय बघून आलात?"

"सुकन्या भिंतीला टेकून बसली आहे," तो म्हणाला.

ती हसली. "हे काय पुस्तकातल्यासारखं?"

"ऐक की. सुकन्या भिंतीला टेकून बसली आहे. कपाळावर भस्म आहे. गळ्यात दोरा आहे, दोऱ्याला चांदीची डबी." त्यानं तांब्या बाजूला सारला. "डबीत जे आहे ते तिचं नाही. तिचं अमावास्येला हातातून पडलं. मोरीच्या तुटक्या जाळीतून गेलं. ती खाली बसून शोधत होती. नवरा दारात उभा होता. त्यानं पडताना बघितलं होतं. तो काही बोलला नाही. मग त्यानं कपाटातलं आपलं आणलं आणि तिच्या हातावर ठेवलं. म्हणाला, पाटामागं होतं."

झालं. त्याला वाटलं होतं, ती ओरडेल. डबी काढून फेकेल, कपाळ बडवून घेईल. भिंतीवरचं घड्याळ चालत होतं. बाहेर गाईच्या गळ्यातली घंटी वाजली.

"पुढं?" सुकन्या म्हणाली.

"पुढं काय?"

"आता काय दिसतंय? सांगा की. चांगलं सांगताय."

तिला काय झालं, काय वाटलं, हे कळायला त्याला तिच्या तोंडाकडं बघावं लागलं. तिला दिसत नाही म्हणून कितीतरी दिवसांत त्यानं तिच्याकडं नीट बघितलं नव्हतं. ज्याला दिसत नाही त्याच्याकडं बघायचं तरी कशाला, असंच होऊन गेलं होतं. "सुकन्याच्या तोंडावर," तो म्हणाला, "काही दिसत नाही. ती रडत नाही. तिच्या गालांची," आणि थांबला. "तिच्या गालांची हाडं वर आली आहेत. गळ्याजवळ खड्डे पडलेत. झंपर खांद्यावरून उतरतोय. तिनं हात वर केला आहे, बांगड्या मनगटावर नाहीत. बांगड्या कोपरापाशी..."

बांगड्या घसरल्या. तोच आवाज, मोकळा, लांब. तिच्यामागं स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. ओट्यावर त्याचं ताट झाकलेलं होतं. त्याच्या बाजूला फडक्यात बांधलेल्या भाकरी होत्या, उंबऱ्यापाशी नेऊन गाईला द्यायच्या बेतानं ठेवलेल्या. आणि ताकाचा एक रिकामा पेला, उपडा.

"तुम्ही आधी जेवा, माझी पूजा राहिलीय, असं मी म्हणायची," ती म्हणाली. "आणि तुम्ही जेवायचा. मला वाटायचं, आज तरी विचारतील."

"तुला माहीत होतं?"

"हाताला कळत नाही का? माझं झिजलेलं होतं. इतक्या वर्षांचा माझा अंगठा होता त्याच्यावर. हे कोरं लागलं. गार लागलं." तिनं डबी मुठीत धरली. "पहिल्या दिवशी वाटलं, फेकून द्यावं. मग म्हणलं, ह्यांचं आहे. इतकी वर्षं अंधारात पडलंय बिचारं. ह्यांनी केली नाही तर कुणीतरी करायला पाहिजे त्याची पूजा. ती करते. तुमची म्हणून करते. माझी कुठं राहिलीय आता?"

"सुकन्या, डॉक्टर म्हणाले होते..."

"ताक घेते की." जरा थांबून ती म्हणाली, "आजीनं तेवढंही घेतलं नव्हतं."

तो उठायला गेला. ताट आणावं, दूध आणावं, कोणाला तरी हाक मारावी. तो परत खाली बसला. आत्ता काही बोललं पाहिजे हे त्याला कळत होतं. जेव म्हणावं, पाया पडावं, रडावं. तोंड उघडलं होतं. घशात ती काळी नळी गरम होऊन आवळत चालली होती. बाहेर गाय उंबऱ्याला अंग घासत होती, रोजच्या वेळेला रोजची वस्तू मागत. सुकन्या मान थोडी वाकडी करून ऐकत राहिली. पुष्कळ वेळ ऐकत राहिली.

मग ती त्याच्याच आवाजाच्या चालीवर, हलकेच, काही चिकटू न देता म्हणाली,

"नवरा समोर बसला आहे. तो काही बोलत नाही."